बँड दिसला, पण कशाचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला निम्म्याहून जास्त जागा दिली, त्याला कारण आहे. नांदेडच्या त्या मुलीने आपल्या ब्लॉटचा फोटो अख्खा पाठवला, कडा न कापता, डागांसकट. ब्लॉट म्हणजे जेलवर वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर (मेम्ब्रेनवर) उतरवून अँटिबॉडीने शोधायची रीत; सापडलेल्या प्रथिनाची रेघ म्हणजे बँड. असा प्रामाणिक फोटो माझ्याकडे फार कमी वेळा येतो. दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर होता, येता-जाता बघत होते.

प्रश्न : ताई, मी नांदेडला पीएच.डी. करते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना सीताफळाच्या पानांचा अर्क दिला, तर त्या व्हीईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर (रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारं प्रथिन) कमी सोडतात का, हे मला बघायचं आहे. मानवी व्हीईजीएफ ओळखणारी, सशात तयार केलेली अँटिबॉडी मागवली. शंभर मायक्रोलिटरच्या कुपीला अडतीस हजार रुपये गेले. पेशी ज्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, वाढल्या तोच मीडिया जेलवर चालवला. प्रत्येक लेनमध्ये (जेलवरच्या रांगेत) ६६ किलोडाल्टन या वजनाजवळ जाड बँड येतो आणि २३ च्या आसपास नुसती सावली. पेशी फोडून लायसेट चालवलं, तरी २३ पुसटच. माहितीपत्रकात मात्र २३ ला स्वच्छ बँड आहे. सर म्हणतात, ६६ चाच बँड मोज, तो व्हीईजीएफचा मोठा प्रकार असेल, शिवाय अर्क दिल्यावर तोही थोडा कमी दिसतोय. काय करू? कुपीत आता साठ मायक्रोलिटरच उरलंय.

उत्तर : पोरी, तो ६६ चा बँड मोजू नकोस. सरांशी तोंडाने वादही घालू नकोस. पुढच्या जेलवर एक लेन अशा मीडियाची चालव ज्याने पेशींचं तोंडही पाहिलेलं नाही. बाटलीतून काढलेला, दहा टक्के सीरम घातलेला, तसाच कोरा मीडिया. त्या लेनमध्येही ६६ ला तेवढाच जाड बँड आला, तर तो तुझ्या पेशींनी सोडलेला नाही हे उघड आहे. ती लेन सरांच्या समोर ठेव. मला खात्री वाटते की बँड येईल, कारण ६६ किलोडाल्टन म्हणजे अल्ब्युमिनचं वजन. तुझ्या मीडियात जे फीटल बोव्हाइन सीरम आहे, ते गायीच्या गर्भाच्या रक्तातलं आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त असतं ते अल्ब्युमिनच.

किती जास्त, ते नीट समजून घे, सगळी गोम तिथे आहे. दहा टक्के सीरमच्या मीडियात अल्ब्युमिन मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात असतं. पेशींनी सोडलेलं व्हीईजीएफ नॅनोग्रॅमच्या हिशेबात, पुष्कळदा त्याहूनही कमी. मिलिग्रॅम आणि नॅनोग्रॅम यांच्यात दहा लाख पटींचं अंतर आहे. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात लेकराला पाठवलं आणि सांगितलं, हिरव्या लुगड्यातली आपली आजी शोधून आण. आजी एक आणि गर्दी लाखांची. लेकरू दहा वेळा भलत्याच बाईचा पदर धरणार. त्यात लेकराची चूक नाही, आपण त्याला कुठे सोडलं ते बघायला पाहिजे. अँटिबॉडीचंही तसंच होतं. तिची ओढ व्हीईजीएफकडे कितीही जास्त असली, तरी समोर दहा लाख पट दुसरं प्रथिन असेल तर थोडी थोडी तिथेही चिकटते, आणि त्या थोड्याथोड्याचा जाड बँड होतो. शिवाय एवढं अल्ब्युमिन जेलमध्ये लेन फुगवतं, बाजूचे बँड वाकडे करतं. अर्क दिलेल्या लेनमध्ये ६६ थोडा कमी दिसला, तो पिपेटच्या एखाद्या मायक्रोलिटरचा फरक असू शकतो.

सशाची अँटिबॉडी म्हणजे काय, हेही इथे सांगते, कारण बरीच मुलं कुपीला जादूचं पाणी समजतात. आपल्याकडे सर्पदंशाचं इंजेक्शन सगळ्यांना माहीत आहे. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोडं थोडं देतात, आणि घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध अँटिबॉड्या तयार होतात. एक नाही, शेकडो प्रकारच्या. कुणी विषाच्या कणाला शेपटीकडून धरते, कुणी कुशीतून, कुणी ढिली, कुणी घट्ट. या मिश्रणाला पॉलिक्लोनल म्हणतात. तुझ्या सशाच्या कुपीत पॉलिक्लोनल असेल तर हाच प्रकार आहे, फक्त विषाच्या जागी व्हीईजीएफ किंवा त्याचा तुकडा टोचलेला. आणि कंपनीने नवी तुकडी काढली, म्हणजे बहुधा नवा ससा. म्हणून कुपीवरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेव. पुढच्या वर्षी तीच अँटिबॉडी, तोच कॅटलॉग नंबर मागवूनही बँड बदलला, तर कारण त्या नंबरात सापडेल. मोनोक्लोनलचं वेगळं. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये रीत काढली, एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची अँटिबॉडी. ती प्रथिनाच्या एकाच जागी धरते. तिचा त्रास निराळा, तो पुढे येईलच.

सापाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. ग्रोथ फॅक्टरच्या इतिहासात साप खरोखरच आहे. रीटा लेव्ही-माँटाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन सेंट लुइसला मज्जातंतूंना वाढवणारा पदार्थ शोधत होते. त्यात न्यूक्लिक आम्लाचा काही वाटा आहे का, हे बघायला त्यांनी सापाचं विष घातलं, कारण विषातला एक विकर न्यूक्लिक आम्ल तोडतो. विष घातल्यावर तंतूंची वाढ थांबणं दूर, उलट फोफावली! पाहिलं तर विषातच तो पदार्थ भरपूर होता. विषाची ग्रंथी म्हणजे सापाची लाळग्रंथीच, म्हणून कोहेनने उंदराची लाळग्रंथी तपासली, तर तिथेही सापडला. मग त्याविरुद्ध अँटिबॉडी असलेलं सीरम बनवून नवजात उंदरांना दिलं, आणि त्यांच्या अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जासंस्थेच्या गाठी जवळजवळ नाहीशा झाल्या. १९६० ची गोष्ट. १९८६ चं नोबेल दोघांना मिळालं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात अँटिबॉडी नुसती खूण करत नाही. ती ग्रोथ फॅक्टर अडवून धरते, आणि त्याच्या अभावी काय होतं ते जिवंत प्राण्यात दाखवते. तुझ्या कुपीवर ब्लॉटसाठी की न्यूट्रलायझेशनसाठी (असं अडवण्यासाठी), ते लिहिलेलं असेल. एका कामाला चालणारी दुसऱ्याला चालेलच असं नाही.

आता लायसेट पुसट का, ते. तुझ्या या पेशी व्हीईजीएफ साठवून ठेवत नाहीत, बनलं की बाहेर सोडतात. दूध काढून डेअरीला गेल्यावर गोठ्यात शोधायला गेल्यासारखं होतं ते. पेशींच्या आतलं बघायचंच असेल तर शेवटचे काही तास ब्रेफेल्डिन देऊन बाहेरचा रस्ता बंद करावा लागतो. पण तुझा प्रश्नच ‘किती सोडतात’ असा आहे, म्हणजे मीडियाच बघायला पाहिजे, फक्त सीरमशिवाय. पेशी ऐंशी टक्के भरल्या की सीरमचा मीडिया काढ, दोन वेळा पीबीएसने हळूच धू, मग सीरम नसलेला मीडिया घालून चोवीस तास ठेव. तो गोळा कर, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तरंगत्या पेशी खाली बसव, वरचं पाणी दहा किलोडाल्टनच्या फिल्टरमधून आटव. दहा मिलिलिटरचे दोनशे मायक्रोलिटर झाले की पन्नास पट दाट झालं. फिल्टर महाग पडत असतील तर चार पट गार अॅसिटोन घालून उणे वीसला रात्रभर ठेवलं तरी प्रथिन खाली बसतं. माझी अर्धी नोकरी अॅसिटोनवर निघाली.

जेल पंधरा टक्क्यांचं घे. मेम्ब्रेन पीव्हीडीएफ, पण ०.४५ मायक्रॉनचं नको, ०.२ चं. लहान प्रथिन मोठ्या भोकांतून पार निघून जातं आणि आपण अँटिबॉडीला शिव्या देत बसतो. प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरली (ट्रान्सफर झाली) की आधी पाँसो हा रंग लाव, गुलाबी रेघा दिसल्या की फोटो काढ, मगच ब्लॉक कर.

२३ च्या जवळ एकच रेघ यायला पाहिजे असा हट्टही धरू नकोस. मानवी व्हीईजीएफ-ए चा जीन एकच असला तरी त्यातून वेगवेगळ्या लांबीची रूपं निघतात: १२१, १६५, १८९ अमिनो आम्लांची, आणखीही. १२१ सुटं फिरतं, १८९ पेशींच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं, १६५ मधल्या तऱ्हेचं. त्यावर साखरेची साखळी असते, तिने वजन थोडं वाढतं. म्हणून जिवाणूत बनवलेलं शुद्ध १६५ तू कंट्रोल म्हणून चालवलंस तर ते १९ च्या आसपास धावेल आणि तुझ्या पेशींचं त्याहून वर. दोन्ही बरोबर आहेत. आणि व्हीईजीएफ जोडीने राहतं, दोन साखळ्या डायसल्फाइडने बांधलेल्या. ही जोडी तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घातलंस तर २३, न घालता चालवलंस तर ४५ च्या घरात. इथेच मोनोक्लोनलचा तो त्रास येतो. काही मोनोक्लोनल फक्त घडी शाबूत असलेलं प्रथिन ओळखतात. उकळून, जोडी तोडून दिलं की त्यांना काहीच दिसत नाही. माहितीपत्रकात ‘रिड्यूस्ड’ (जोडी तोडलेलं) की ‘नॉन-रिड्यूस्ड’ (न तोडलेलं) हे एका शब्दात दिलेलं असतं. तो शब्द आधी शोध.

आता बँड खरंच व्हीईजीएफचा आहे हे पटवायचं कसं? महागडे उपाय आहेत, सायलेन्सिंग (जीन गप्प करणं) वगैरे. पण तुझ्या रसायनशास्त्र विभागाच्या कपाटात कोबाल्ट क्लोराइडची बाटली असणारच, ती गुलाबी-जांभळ्या खड्यांची. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या एचआयएफ नावाचं प्रथिन जपतात, आणि ते व्हीईजीएफचा जीन चालू करतं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. कोबाल्ट पेशींना तोच भास देतं: हवा भरपूर असली तरी एचआयएफ तोडलं जात नाही. एका फ्लास्कला शंभर मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड, चोवीस तास. हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे. दुसरा फ्लास्क तसाच. तुझी २३ ची सावली कोबाल्टवाल्या लेनमध्ये गडद झाली आणि कोऱ्या मीडियात मुळीच दिसली नाही, तर त्या सावलीवर विश्वास ठेवायला आधार मिळाला. ६६ जिथल्या तिथे राहिला, तर सरांनाही उत्तर मिळालं.

एक पट्टी फक्त सेकंडरीची ठेव, प्रायमरी न लावता. (प्रायमरी म्हणजे प्रथिन शोधणारी अँटिबॉडी, सेकंडरी म्हणजे त्या प्रायमरीला धरून ती दिसेल अशी करणारी.) हे मी सगळ्यांना सांगते, आणि सगळ्यांना तो मेम्ब्रेनचा अपव्यय वाटतो. पुढे तू ट्यूमरचा तुकडा चालवशील तेव्हा त्यात रुग्णाचं रक्त असेल, रक्तात अँटिबॉड्या असतील, आणि त्यांच्या हलक्या साखळीचं वजन २५ आहे. व्हीईजीएफच्या अगदी शेजारी. सेकंडरी त्या साखळीला धरते आणि आपण आनंदाने लिहितो की ट्यूमरमध्ये व्हीईजीएफ वाढलं. असे ब्लॉट मी पाहिले आहेत.

माझाही एक अनुभव सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं. उन्हाळ्यात धुण्याच्या बफरला दोन दिवसांत बुरशी धरायची. कुणीतरी सांगितलं, सोडियम अॅझाइड टाक, टिकेल. टाकलं. त्यानंतर तीन आठवडे माझ्या फिल्म्स कोऱ्या. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ट्रेमध्ये फिल्म हलवत उभी राहायचे, कोपऱ्यातली घडीची खूण उमटायची आणि बाकी काळोख नाही की रेघ नाही. अँटिबॉडी बदलली, पेशी बदलल्या, रडूही आलं. अॅझाइड हे सेकंडरीला जोडलेल्या पेरॉक्सिडेज विकराला बंद पाडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. अँटिबॉडीच्या मूळ कुपीत थोडं अॅझाइड असतं, ते हजार पट पातळ होतं म्हणून चालतं. बफरमध्ये नाही चालत. कोरा ब्लॉट आला की मी आजही आधी बफर कुणी केला ते विचारते.

आता या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तू विचारलेलीच नाहीस. सीताफळाच्या पानांचा अर्क पेशी मारत असेल, तर व्हीईजीएफ कमी होणारच. शंभर गायींचा गोठा चाळीसवर आला तर दूध कमी येईल, त्यावरून एकेक गाय कमी दूध देते असं म्हणता येत नाही. मीडिया गोळा केल्यावर त्याच फ्लास्कमधल्या जिवंत पेशी मोज, ट्रिपॅन ब्लू लावून, आणि जेलवर भरताना दर लाख पेशींमागे किती मीडिया असा हिशेब धर. मीडियाच्या ब्लॉटवर अॅक्टिन लोडिंग कंट्रोल म्हणून, म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखा माल भरला का ते बघायला, लावू नकोस. अॅक्टिन पेशीच्या आत असतं. ते मीडियात दिसायला लागलं, तर पेशी फुटल्या एवढंच कळतं. उलट एकदा मुद्दाम लावून बघ, अर्काने पेशी फोडल्या का ते कळेल.

साठ मायक्रोलिटर उरलंय म्हणतेस. एकास हजार पातळ केलं तर पाच मिलिलिटरला पाच मायक्रोलिटर, म्हणजे बारा ब्लॉट. पुष्कळ आहेत. पण शेवटचे आकडे ब्लॉटवरून काढू नकोस. ब्लॉटने अँटिबॉडीची आणि नमुन्याची ओळख पटव, मोजणी सँडविच एलायझाने कर. त्यात दोन अँटिबॉड्या एकाच प्रथिनाला दोन बाजूंनी धरतात. दोघींचं एकमत झालं तरच रंग येतो, आणि पिकोग्रॅमपर्यंत मोजता येतं. तिथेही प्लेटमधला एक खळगा (वेल) कोऱ्या मीडियासाठी ठेवायचा, विसरायचा नाही.

प्रश्न : मॅडम, लातूर जिल्ह्यात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक व्हीईजीएफ आणि हर-टू तपासणीबद्दल विचारतात. संशोधनासाठीच्या अँटिबॉड्या आणि किट बरेच स्वस्त मिळतात. अनुभवी तंत्रज्ञ हाताशी असेल तर त्या वापरून रिपोर्ट द्यायला हरकत आहे का?

उत्तर : डॉक्टरसाहेब, हरकत आहे. पेटीवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असतं, ते शोभेला नसतं. त्या अँटिबॉडीची परीक्षा रुग्णाच्या नमुन्यावर, निदानाच्या कसोटीला लावून झालेली नाही, असा त्याचा अर्थ. निदानाच्या किटना आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. वर नांदेडच्या मुलीला मी जे सांगितलं, ते चुकलं तर तिचा एक महिना जाईल. तुमचं चुकलं तर एखाद्या बाईचं औषध चुकेल.

हर-टू स्वतः ग्रोथ फॅक्टर नाही, ग्रोथ फॅक्टर धरणाऱ्या रिसेप्टरांच्या कुटुंबातलं प्रथिन आहे, आणि त्याच्या रिपोर्टवर ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही हे ठरतं. शून्य आणि एक म्हणजे निगेटिव्ह, तीन म्हणजे पॉझिटिव्ह, दोन आला तर फिश तपासणीला (जीनच्या प्रती मोजायला) पाठवायचं. एक आणि तीन यांतलं अंतर अँटिबॉडीच्या डायल्यूशननेही बदलू शकतं. म्हणून ते काम मान्यता असलेल्या किटवर, दर खेपेला माहीत असलेल्या ऊतींचे कंट्रोल लावून, जिथे रोज होतं तिथेच व्हावं.

व्हीईजीएफच्या रक्त तपासणीवर तर रुग्णाला पैसे घालवायला लावूच नका. बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफ अडवणारं औषध २००४ पासून आहे, पण ते कुणाला द्यायचं हे रक्तातला आकडा बघून ठरवत नाहीत. त्यात नमुन्याचाच मोठा घोळ. प्लेटलेटमध्ये व्हीईजीएफ साठलेलं असतं, रक्त गोठताना ते बाहेर पडतं. त्यामुळे एकाच माणसाच्या सीरममध्ये ते प्लाझ्माच्या कितीतरी पट जास्त निघतं. साध्या नळीत घेतलं की रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या, किती वेळाने फिरवलं, यावर आकडा हलतो. नातेवाइकाला तो आकडा ट्यूमरचा वाटेल, प्रत्यक्षात तो नळीचा असेल.

तुमच्या हातात मात्र एक फार मोठी गोष्ट आहे, आणि ती मी कळकळीने सांगते. तालुक्याहून येणारा गाठीचा तुकडा मोठ्या लॅबला जाण्याआधी तुमच्यासारख्यांच्या हातून जातो. माझ्यासमोर असे तुकडे आले आहेत: इंजेक्शनच्या बाटलीत, सलाइनमध्ये, एसटीने, दुसऱ्या दिवशी दुपारी. बाटली उन्हाने कोमट. कोंबलेला तुकडा बाटलीच्या तोंडातून निघेना म्हणून काच फोडावी लागली, आणि आत तो राखट, कडेने पाघळलेला. त्यावर जगातली उत्तम अँटिबॉडी लावली तरी काय दिसणार? तुकडा काढल्यापासून तासाभरात दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे, तुकड्याच्या दहा पट तरी फॉर्मेलिन, रुंद तोंडाची बरणी. हर-टूसाठी फॉर्मेलिनमध्ये किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर. बरणीवर काढल्याची वेळ आणि बुडवल्याची वेळ, दोन्ही लिहा. आसपासच्या चार सर्जनांना तुम्ही भरलेल्या बरण्या नेऊन दिल्यात, तर स्वस्त किटने जे वाचलं असतं त्याच्यापेक्षा जास्त भलं होईल.

प्रश्न : ताई, परभणीजवळच्या एका महाविद्यालयात मी शिकवतो. मे महिन्यात लाईट गेली ती नऊ तास आली नाही. जनरेटरला डिझेल नव्हतं. उणे वीसच्या फ्रीजरमध्ये ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरची अँटिबॉडी, शुद्ध ईजीएफ आणि सेकंडरी होती. सगळं फेकून द्यायचं का?

उत्तर : सर, फेकू नका. परभणीचा मे मला माहीत आहे, पण अँटिबॉड्या आपण समजतो त्यापेक्षा चिवट असतात. फ्रीजरचं दार उघडलं नसेल तर नऊ तासांत आतली थंडी पूर्ण जात नाही. आणि प्रायमरी अर्ध्या ग्लिसरॉलमध्ये असेल तर ती उणे वीसला गोठलेली नव्हतीच. तिला धोका गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांचा असतो, ती फेरी झालीच नाही. सेकंडरीला विकर किंवा रंग जोडलेला असतो, ती जरा नाजूक. तिची आधी परीक्षा घ्या. मेम्ब्रेनच्या तुकड्यावर प्रायमरीचे ठिपके द्या, हजार, दहा हजार, लाख पट पातळ केलेले, वाळवा, ब्लॉक करा, सेकंडरी लावा. पूर्वी जिथपर्यंत ठिपका दिसायचा तिथपर्यंत दिसला तर काम चालू ठेवा.

मला चिंता आहे ती शुद्ध ईजीएफची. ५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, सहा किलोडाल्टनचं. विरघळवून पातळ ठेवलेलं असेल, त्यात अल्ब्युमिन घातलेलं नसेल, तर ते नळीच्या भिंतीला चिकटून जातं, लाईट असली तरी. पुढच्या वेळी कोरडी पूड आली की ०.१ टक्का अल्ब्युमिनमध्ये विरघळवून दहा-दहा मायक्रोलिटरच्या नळ्या करा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर घेऊ नका. तो बर्फ साचू नये म्हणून स्वतःच थोडा थोडा गरम होतो. आणि फ्रीजरच्या मोकळ्या कप्प्यात मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या रचून ठेवा. आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत त्या बाटल्यांनी बरंच काही वाचवलं.

प्रश्न : ताई, मी जालन्याचा. मुलगा अकरा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत बुटका. एकाने ‘ग्रोथ फॅक्टर’ची पावडर सांगितली, डबा साडेचार हजारांचा. एकाने रक्तातलं आयजीएफ तपासायला सांगितलं. दोन्हीपैकी काय करू?

उत्तर : दादा, पावडर घेऊ नका. ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन. तोंडावाटे घेतलं की पोटात डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं. उंची वाढवायचं काम ते तिथून करत नाही.

आयजीएफ-वन हाही शरीरातला ग्रोथ फॅक्टर, आणि त्याची तपासणी खरी आहे, तीही अँटिबॉडीनेच होते. मात्र रक्तात हे प्रथिन जवळजवळ सगळं दुसऱ्या प्रथिनांच्या मिठीत असतं. ती मिठी आधी सोडवावी लागते, नाहीतर अँटिबॉडीला जागा सापडत नाही आणि आकडा चुकतो. शिवाय आकडा वयाप्रमाणे, मुलगा-मुलगी आणि वयात येण्याच्या टप्प्याप्रमाणे वाचायचा असतो. पोषण कमी असलं तरी तो खाली येतो. त्यामुळे स्वतःहून तपासणी करून रिपोर्ट घरी वाचत बसू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. शाळेत दरवर्षी उंची-वजन लिहितात, ती पानं मागून घ्या. दोन-तीन वर्षांचे आकडे असले की पोर आपल्या चालीने वाढतंय का कुठे अडलंय, हे डॉक्टरांना लगेच दिसतं. तुमची आणि त्याच्या आईची उंचीही मोजून, सेंटिमीटरमध्ये लिहून न्या.

नांदेडच्या मुलीने कोऱ्या मीडियाच्या लेनचा फोटो आला की पाठवावा. याही वेळी न कापता.